यमकाचा पत्ता

कामगंध सापळा मी हंगामात शेकड्याने विकतो. प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, वर टोपण, टोपणाच्या पोटात चिमटीत मावेल एवढी गोळी. गोळीला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो; मादी नसते. नर रात्रभर त्या वासावर येतात, टोपणाला आपटतात आणि पिशवीत पडतात. सकाळी शेतकऱ्याने ते मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की समजायचं, फवारणीची वेळ झाली. गोळीतल्या रसायनाचं नाव गॉसिप्ल्युअर. कपाशीला शास्त्रज्ञ गॉसिपियम म्हणतात, त्यावरून ते आलं. पण गेल्या कोजागिरीपासून मला त्या नावाचा पुढचा अर्धाच भाग ऐकू येतो.

माझं कृषी केंद्र वडनेरला, हायवेच्या अंगाला. हिंगणघाट सोडून दक्षिणेला निघालं की आमचं गाव लागतं. नागपूर-हैदराबाद रस्ता हा. पूर्वी याचा नंबर सात होता, आता चव्वेचाळीस झाला. ट्रक तेच आहेत. नागपूरला राहून मी मराठीत एम.ए. केलं. पदवीचा कागद घेऊन घरी आलो तेव्हा बाबांनी तो उजेडात धरून पाहिला. अनोळखी कंपनीच्या बियाण्याची थैली आणली की ते असंच पाहत. ‘उगवंल का?’ एवढंच त्यांनी विचारलं. उगवलं नाही. म्हणून दुकान टाकलं.

तरी माझ्या काउंटरवर दोन जाड पुस्तकं असतात. एक स्टॉक रजिस्टर आणि दुसरं माधव जूलियनांचं ‘छंदोरचना’. फारसी शिकवणारा, प्रेमकविता लिहिणारा हा माणूस वृत्तांचा एवढा मोठा हिशेब मांडून बसला आणि १९३८ साली त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने त्याला डी.लिट. दिली. ज्याला प्रेमही करता येतं आणि मात्राही मोजता येतात, असा मला माहीत असलेला हा एकच. मला त्यातलं दुसरंच तेवढं जमलं.

शेतकरी कपाशीचं पान घेऊन येतो. मी ते उलटसुलट करून सांगतो: हा लाल्या, हे तुडतुडे, हा मावा. सवय अशी लागली की हातात कविता आली तरी मी आधी तिचं पान उलटून कीड शोधतो. बोंडअळी शिरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात, त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. बायकोचं म्हणणं, ‘तुमच्या हाती चांगली कविता देली का तिची डोमकळीच होते.’

तिला हे म्हणायचा हक्क आहे. आमच्या लग्नात तिने उखाणा घेतला होता. गुलाबाचं फूल, चांदीचं ताट, असं काहीसं होतं आणि शेवटी माझं नाव. मांडवातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे झुकलो आणि हळूच सांगितलं की पहिल्या ओळीत चौदा मात्रा आहेत, दुसरीत सतरा. मला ते प्रेमळ संभाषण वाटलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकू असो की बारसं, कोणी नाव घ्यायचा आग्रह केला की ती म्हणते, ‘आमच्या घरी मोजून घ्या लागते, बाई,’ आणि गप्प बसते.

एवढी पार्श्वभूमी असताना गावातल्या मंडळाने मला कोजागिरीला भाषणासाठी का बोलावलं, याचं उत्तर साधं आहे. दरवर्षी त्या रात्री भजन असतं. गेल्या वर्षी पेटीवाल्याला ताप आला आणि साहित्याला संधी मिळाली. विषय मीच दिला, ‘प्रेमकवितेचं रसग्रहण’. वेळ मंडळाने दिली: दूध आटेपर्यंत.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर खाली एक पाकीट. आत वहीतून फाडलेलं पान, त्यावर सहा ओळी, आणि सोबत चिठ्ठी: ‘भाऊ, कार्यक्रमात या कवितेचं रसग्रहण करा. फळ्यावर लिहून करा, म्हणजे मागच्यांनाही दिसेल.’ सही नव्हती. फळ्याची सूचना वाचून मी भारावलो. या गावात कवितेचं रूप डोळ्यांनी पाहावं लागतं हे समजणारं कोणीतरी होतं. कविता अशी होती:

सरल्या रात्री, सरल्या झोपा
हाती उरले नाव तुझेच
चीज कशाचे, जीवच गेला
एक तरी पण भेट असू दे
सगळे बघती, कोठे जाऊ
टीचभर गाव, टीचभर वेळ

त्या सकाळी मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि लाल पेन काढलं.

आधी मात्रा. सोळा. आठ आणि आठ. पादाकुलक! ‘सरल्या’तला ‘ल्या’ जोडाक्षर आहे, पण आघात येत नाही म्हणून मागचा ‘र’ लघुच धरायचा, हे कवीला बरोबर माहीत होतं. ‘तुझेच’चा ‘च’ लघु, पण ओळीच्या शेवटी तो गुरू मानायची मुभा आहे. मी ती मुभा दिली. शेवटच्या ओळीत मात्र चार मात्रांवर थांबावं तर ‘टीचभ’ एवढंच हाती येतं आणि ‘र’ पलीकडे पडतो. शब्द मधोमध तुटतो. तिथे मी लाल फुली मारली. शिवाय ‘टीचभर गाव’ ही अतिशयोक्ती. वडनेरला पोलीस ठाणं आहे.

मग प्रकार. गझल म्हणावी तर सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ उघडायचीही गरज नव्हती. ना काफिया, ना रदीफ. दशपदी म्हणावी तर चार ओळी कमी. दशपदी हा आकार कवी अनिलांनी, म्हणजे आपल्या विदर्भाच्या आत्माराम रावजी देशपांड्यांनी घडवला आणि ‘दशपदी’ याच नावाच्या त्यांच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे सूट देणारा मी कोण? सुनीत म्हणावं तर आठ ओळी कमी. केशवसुतांनी १८९२ साली ते मराठीत आणलं ते चौदा ओळींचं. म्हणजे ही कविता प्रत्येक प्रकारात थोड्याथोड्या मार्कांनी नापास होती.

पण खरा दोष वेगळाच. पादाकुलकात दोन-दोन ओळींची जोडी जुळावी ही कानाची साधी अपेक्षा. इथे झोपा, तुझेच, गेला, दे, जाऊ, वेळ. सहा ओळींत सहा टोकं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मात्रांचा एवढा पक्का माणूस यमकात इतका कच्चा कसा? मी प्रत्येक शेवटच्या अक्षराभोवती लाल गोल काढला आणि समासात मोठ्या अक्षरांत शेरा लिहिला: ‘यमकाचा पत्ता नाही.’

हा शेरा मी जपून ठेवला आहे.

रात्री बायकोला कविता वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘घाईत हाय कोनीतरी.’

मी म्हटलं, ‘घाईत नाही, शेवटच्या ओळीत शब्द तुटतो.’

‘धावता धावता बोललं का तुटनच ना. धाप लागली हाय थ्याले.’

मी तिला समजावलं की धाप हा अलंकार नाही.

कोजागिरीला शाळेतून फळा आणला, खडू आणले, एक पांढरा आणि एक लाल. पटांगणात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मधे कढई. चंद्र असा होता की माईकवाल्याने लाइट बंद करू का विचारलं. मी नाही म्हटलं. फळा दिसला पाहिजे.

सुरुवात मी आपल्या मुलखापासून केली. संस्कृत काव्यशास्त्रात सगळ्यात गोड शैलीला ‘वैदर्भी’ म्हणतात, हे सांगितलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा मान डोलावून म्हणाले, ‘हाव, आपली बोलीच गोड हाय,’ आणि मागच्या पोट्ट्याला त्याच गोड बोलीत दोन शिव्या देऊन गप्प केलं. मग दमयंती विदर्भाची, इंदुमती विदर्भाची, रुक्मिणी विदर्भाची. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर. आमच्या आर्वी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्ह्यात ते गाव. तिथून तिने कृष्णाला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे.

‘आणि नुसत्या भावना नाहीत त्यात,’ मी रंगात आलो होतो. ‘पोरगी व्यवहारी आहे. ती सांगते, लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नवरीला गावाबाहेर देवीच्या देवळात नेतात, तिथे या. जागा सांगितली, वेळ सांगितली! विदर्भातल्या पहिल्या प्रेमपत्रात भेटीचं ठिकाण देऊळ आहे, हे लक्षात ठेवा!’

हे मी माईकवर बोललो. लक्षात ठेवा असंही मीच म्हटलं.

पुढे शृंगाराचे दोन प्रकार सांगायला घेतले. पहिला विप्रलंभ, म्हणजे विरहाचा. दुसऱ्याचं शास्त्रातलं नाव मी माईकवर घेतलं आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहून दुधात साखर पडली का म्हणून विचारलं. पोट्टे एकदम लक्ष देऊन ऐकू लागले. ती संधी साधून मी ध्वनीकडे वळलो.

हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’त एक बाई आहे. गोदावरीच्या काठी झाडीत तिची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा. त्याला जुना शब्द संकेतस्थळ. (हा शब्द आता लोक इंटरनेटवर वापरतात आणि तिथेही भेटणारे भेटतातच.) तर त्या झाडीत एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला येऊ लागला. ती त्याला म्हणते, बाबा, आता खुशाल हिंडा. तुम्हाला छळणारं ते कुत्रं झाडीतल्या सिंहाने मारलं. शब्दांत म्हणते ये, अर्थ आहे येऊ नको. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून आनंदवर्धनाने आपल्या ‘ध्वन्यालोका’त या गाथेचा कीस काढला. प्राकृतातली आपल्याकडची गाथा, बरं का. कवी जे दाखवतो ते नसतं, जे लपवतो ते असतं.

‘काही प्रश्न?’ मी विचारलं.

‘गोदावरीवर सिंह कुठून आला जी?’ एकाने विचारलं. ‘बिबट असंल.’

‘सिंह नव्हताच! तिने खोटंच सांगितलं!’

‘मंग कुत्रं कोनं मारलं?’

यावर पाच मिनिटं गेली. शेवटी मी फळ्याकडे वळलो.

सहा ओळी मोठ्या अक्षरांत लिहिल्या. मात्रा मोजून दाखवल्या, टाळ्या वाजवून आठ-आठ म्हणवून घेतल्या. भजनाची सवय असल्यामुळे लोकांनी ताल चांगला धरला, इतका की तो थांबवायला मला हात वर करावे लागले. मग लाल खडू घेतला. झोपातला पा, तुझेचमधला च, गेलातला ला, सगळ्या सहा टोकांना टम्म गोल काढले आणि बायांच्या बाजूने वळून म्हटलं, ‘पाहा, ही शेवटची अक्षरं नीट पाहा! लागतो का काही मेळ?’ बायांच्या बाजूला अगदी शांतता पसरली. मला वाटलं, विषय जड झाला.

ओळींना आकडे घालावेत म्हणून पांढरा खडू घेऊन डाव्या टोकाला आलो आणि हात थांबला. स. हा. ची. छाती धडधडू लागली. एम.ए.ला चित्रकाव्य शिकलो होतो, पण ते जिवंत, ओल्या खडूत, प्रथमच भेटत होतं.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी आधी प्रस्तावना केली. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ लिहिलं, ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर नाही, प फ ब भ म बाद. ‘बाप्पा!’ मागून कोणीतरी म्हणालं आणि त्याचे ओठ दोनदा लागले. अक्षरांशी असे खेळ आपल्या परंपरेत आहेत, मी सांगितलं, आणि आज आपल्या वडनेरच्या एका अज्ञात कवीने तो मान मिळवला आहे. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा! मी छडी ठेवत गेलो, पटांगण माझ्यामागे म्हणत गेलं. स! हा! ची! चौथ्या अक्षराला मला छडीही लागली नाही. दोनशे माणसं एका सुरात ओरडली: ‘एसटी!’

मग दूध उतू गेलं. ढवळणारा फळ्याकडे पाहत होता.

ते सावरल्यावर सभेत जी चर्चा झाली तशी मी विद्यापीठातही ऐकली नाही. कोणती एसटी? सहाची हिंगणघाटची. सकाळची का संध्याकाळची? ‘सगळे बघती म्हनते, म्हंजे उजेड असंल.’ सकाळीही असतो. ‘सरल्या झोपा म्हनते, सकाळची असती तं झोप सरली कशाले म्हनलं असतं?’ कोणत्या दिवशी? ‘टीचभर वेळ म्हनते जी, उद्याच!’ मोबाइल असताना कविता कशाला? ‘मोबाइल बापानं काढून घेतला असंल.’ एवढं म्हटल्यावर ज्यांच्या ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती ते सगळे बायांच्या बाजूला मान वळवून मोजू लागले. मी माईक हातात धरून उभा होतो. रसग्रहण आता माझ्या हातात नव्हतं.

रात्री मला झोप लागली नाही. दोघांचं गुपित मी लाउडस्पीकरवर फोडलं होतं. कालिदासाच्या यक्षाने निदान मेघ तरी निवडला. त्याचा रामगिरी म्हणजे आपला रामटेक असं वा. वि. मिराशींनी मांडलं, तेव्हा हा मेघही विदर्भातूनच निघाला म्हणायचा. पण तो सतरा अक्षरांच्या मंदाक्रांतेत हळूहळू गेला आणि वाटेत कोणाला निरोप वाचून दाखवल्याचं ऐकिवात नाही. प्रेमात पडलेल्याला सजीव-निर्जीव कळत नाही, असं कालिदास सुरुवातीलाच सांगतो. त्याशिवाय यांनी मला का निवडलं असतं?

पण सकाळ झाली आणि पश्चात्तापाच्या वर दुसरंच काही तरंगू लागलं. कवी कोण ते मला पाहायचं होतं. म्हटलं, भेटलाच तर यमकाबद्दल दोन शब्द सांगता येतील.

बायकोने त्या दिवशी न सांगता माझा शर्ट इस्त्री केला. चार वाजता चहा दिला आणि म्हणाली, ‘जा ना. मंग जागा नाई भेटत.’ इतक्या वर्षांत तिने माझ्या वाङ्मयीन कामाला दिलेला हा पहिला पाठिंबा.

साडेचारला बस स्टँडवर गेलो तर खरंच जागा नव्हती. बाकावर ज्येष्ठ नागरिक, ओट्यावर भजनी मंडळ, मोटारसायकलींवर पोट्टे. तापातून उठलेला पेटीवाला शाल घेऊन आला होता. एकाने घरून खुर्ची आणली होती. पानठेल्यावाला म्हणाला, ‘भाऊ, असा कार्यक्रम दर महिन्याले ठेवा.’ जो तो असा चेहरा करून उभा होता जणू हिंगणघाटला काम आहे. सगळे पुरुष होते. एकही बाई नव्हती. सापळे विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट तिथल्या तिथे खटकायला हवी होती.

पाच वाजले. सव्वापाच. पाचला पंधरा-वीस मिनिटं गाव इतकं शांत होतं की हायवेवरचे ट्रक मोजता येत होते. पावणेसहाला दोन बापांनी एकमेकांच्या पोरांबद्दल चौकशी केली आणि थोडी धक्काबुक्की झाली. सहाला एसटी आली.

कंडक्टरने दार उघडलं, गर्दी पाहिली आणि विचारलं, ‘मोर्चा हाय का?’ कोणी हललं नाही. ‘चढा ना जी!’ शेवटी एवढ्या लांबून आलेल्या गाडीचा अपमान नको म्हणून एक आजोबा चढले. त्यांना रात्री हिंगणघाटहून परत आणायला पोरगा पाठवावा लागला. गाडीतून उतरले तिघे. लेकराला कडेवर घेतलेली एक बाई, तिचं गाठोडं धरलेली सासू, आणि औषध कंपनीचा वसुलीचा माणूस. दोनशे डोळ्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, कारण तरुण तो एकटाच होता. त्याने गर्दीच्या पुढे उभा असलेला मी पाहिला आणि तो गहिवरला. ‘भाऊ, एवढे लोक घेऊन घ्यायला आले!’ म्हणाला. मग जवळ येऊन, पण त्याच गहिवरल्या आवाजात, ‘ते मागच्या हंगामाचं बाकी राहिलं होतं.’

गर्दी पांगली. जाताना एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘भाऊ, यावेळी तुमचं औषध लागू झालं नाई.’

घरी आलो तर कुलूप. बायको साडेसहाला आली. कपाळाला शेंदूर, हातात खडीसाखर. ‘देवळात गेल्ती,’ म्हणाली. मी खडीसाखर खाल्ली.

पुढे महिनाभर मला गावात ‘सहाची एसटी’ म्हणत. ‘एसटी आली का दुकानात?’ ‘एसटी जेवाले गेली.’ ते सहन झालं. कविता मात्र ‘छंदोरचने’त खूण म्हणून पडून राहिली.

मग डिसेंबरात एक जण सापळ्याची पिशवी घेऊन दुकानात आला. तक्रार होती. ‘भाऊ, यात नुसते नरच सापडून राहिले. मादी एक नाई. माल खराब हाय का?’

मी नेहमीचं उत्तर दिलं. ‘सापळा नरांसाठीच असतो. वास खोटा आहे हे मादीला कशाला तपासायचं? तिचं काम दुसरीकडे चालू असतं.’

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. माणूस गेला. मी पुस्तकातून कागद काढला, उभा धरला. डावी बाजू पाठ होती. उजवीकडे माझे लाल गोल होते, एकाखाली एक, शिस्तीत. पा. च. ला. मी काउंटरला धरलं. दे. ऊ. ळ. आणि बाजूला समासात, माझ्याच अक्षरात, ठळक: ‘यमकाचा पत्ता नाही.’

दुकान अर्धं शटर ओढून घरी गेलो. बायको तूर निवडत होती.

‘त्या दिवशी पाचला देवळात कोण होतं?’ मी विचारलं.

‘मारोती,’ ती म्हणाली.

‘अजून?’

‘थो काई बोलला नाई. मंग मी कायले बोलू?’

‘तुला कधी कळलं?’

‘तुमीच तं लाल खडूनं गोल करू करू दाखवलं. नीट पाहा म्हने. आमी पाह्यलं. साऱ्या बायायनं पाह्यलं.’ तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. ‘मंग जिनं तिनं आपआपला मानूस धाडला एसटीवर.’

शर्टाची इस्त्री. चहा. मंग जागा नाई भेटत. मी बराच वेळ उभा होतो. त्या सहा ओळी पोराने लिहिल्या की पोरीने, हेही मला आजवर ठाऊक नाही. त्यानंतर गावात चार लग्नं लागली. चारही मांडवांत मी नवऱ्याचा चेहरा निरखला आणि चारही नवरे मला पाहून हसले. बायांना विचारण्यात अर्थ नाही. गोदावरीकाठच्या त्या बाईने दोन हजार वर्षं कुत्र्याचा पत्ता लागू दिला नाही.

मी वळलो तशी बायको म्हणाली, ‘चाललेच बाजारात तं हे घेऊन या,’ आणि हातात चिठ्ठी दिली. चौकात आल्यावर उघडली. एकाखाली एक तीन ओळी होत्या:

गहू
धने
डाळ

शहाणपण आलं होतं, म्हणून आधी शेवटची अक्षरं तपासली. हू, ने, ळ. काही लागलं नाही. मग पहिली वाचली आणि चिठ्ठीची घडी करून वरच्या खिशात ठेवली. बावीस वर्षांनी तिने माझं नाव घेतलं होतं.